अध्यक्षांच्या कोटातली नावं

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. चाळीस वर्षं पुरुषांचे कोट शिवतोय. भल्याभल्यांच्या खांद्याला, पोटाला टेप लावली, पण कुणी नजरेला नजर दिली की माझे डोळे मुकाट त्याच्या बटणांवर जातात. लग्नही राहून गेलं, विचारायचा धीर झाला नाही म्हणून. आणि अशा माझ्या घरात नशिबाने भिंगरीला आणून ठेवलं.

भिंगरी माझी भाची. बहीण गेली तेव्हा नऊ वर्षांची होती, आता एकोणीस. खाली दुकान आणि वर एक खोली, एवढ्यात आम्ही दोघं राहतो. कोटाची काजं तीच करते आणि अशी रेखीव करते की जुनी गिऱ्हाइकं काज बघून दुकान ओळखतात. पण बूड एका जागी टिकेल तर शपथ. दोन वर्षांपूर्वी गावच्या समितीने मुलींचे सातवीच्या पुढचे वर्ग बंद केले. कारण काय, तर इमारतीचं छप्पर धोक्याचं झालंय. त्याच इमारतीत मुलांचे वर्ग मात्र सुरू. छप्पर पडायचं तेव्हा मुली बघून पडणार होतं म्हणे. तेव्हापासून ही पोर दारोदार फिरते, आयांशी बोलते, बापांच्या शिव्या खाते, आणि संध्याकाळी येऊन काहीच न झाल्यासारखी काजं करायला बसते.

सहा महिन्यांपूर्वी तिने कागदावर सह्या घेतल्या होत्या. अकरा मुलींच्या. भर बाजारात समितीच्या माणसांनी तिची पिशवी हिसकावली आणि कागद अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष आवाज चढवणारे गृहस्थ नव्हेत. ते एकेका घरी गेले, पाणी प्यायले, बापांशी दोन शब्द बोलले. पंधरा दिवसांत अकरातल्या एकीचं लग्न झालं, तिच्या बापाच्या वयाच्या माणसाशी. दोघींना घराबाहेर पडायची बंदी झाली. एकीचा बाप गोदामात हमाल होता, त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. भिंगरीच्या पाठीवर सायकलच्या चेनचा वळ उठला होता. तिला त्याचं काही नव्हतं. ती रडली ती त्या लग्न झालेल्या मुलीसाठी. मी रडलो नाही, कारण मी इतका घाबरलो होतो की रडायचंही सुचलं नाही. मी फक्त दुकानाचं दार आतून लावून बसलो.

आता राजधानीतल्या एक वकीलबाई कोर्टात दावा लावायला तयार झाल्या होत्या. त्यांना सह्या हव्या होत्या. बुधवारी सकाळच्या बसने येणार आणि दुपारच्या बसने परत जाणार. बसस्टँडवर समितीची माणसं पिशव्या उघडून बघतात, हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा मीच अक्कल पाजळली. म्हटलं, कागद खुळखुळतो, कापडावर घे सह्या. वकीलबाईंच्या जॅकेटाच्या आत शिवून देतो.

कापड मीच दिलं, कोटाचं कॅनव्हास. वरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये छातीवर हे ताठ कापड बसवतात, त्यामुळे कोटाची छाती उभी राहते. गावात जेवढ्या छात्या फुगलेल्या दिसतात, त्यातल्या निम्म्या मी फुगवलेल्या आहेत. सोबत पेन्सिल दिली, ओली झाली की जांभळी उमटते ती. तिचं लिहिलेलं पुसलं जात नाही. मधोमध लिहा, कडेला कोरं ठेवा, असंही मीच बजावलं.

ते कॅनव्हास कमरेला गुंडाळून भिंगरी तीन आठवडे हिंडली. दवाखान्याच्या बाकावर, पिठाच्या गिरणीत, कपडे वाळत घालायच्या गच्चीवर मुली सह्या करत गेल्या. चौतीस झाल्या. मग तिने, अक्षरं झाकलेली बरी म्हणून, त्यावर मऊ फ्लॅनेलचा थर टाचला आणि ते माझ्या कॅनव्हासच्या गठ्ठ्यावर ठेवून दिलं. मी मशीनवर होतो. ती म्हणाली, "मामा, वर ठेवलंय." मी म्हणालो, "हं." मशीन चालू असताना मी म्हटलेल्या 'हं'ला काडीचा अर्थ नसतो, हे तिला दहा वर्षांत कळायला हवं होतं.

कारण कोटाच्या छातीचं कॅनव्हास फ्लॅनेल टाचूनच वापरतात. आणि ते टाचून तयार ठेवायचं काम नेहमी भिंगरीच करते. दुसऱ्या दिवशी मला अध्यक्षांचा कोट शिवायला घ्यायचा होता, बुधवारी त्यांचा कसलासा सत्कार होता. गठ्ठ्यावर हात घातला तर फ्लॅनेल लावलेलं कॅनव्हास तयार. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीचं एवढं सगळं चालू असून कामात लक्ष आहे. घडी केली, छातीचा नमुना वर ठेवला, कात्री चालवली. आत काय आहे ते उघडून बघायचं कारणच नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी मी कोट अध्यक्षांच्या घरी पोचवला. मंगळवारी सकाळी भिंगरी म्हणाली, उद्या वकीलबाई येतील, कॅनव्हास काढून द्या.

आम्ही अख्खा गठ्ठा उपसला. मग ती चिंध्यांच्या टोपलीपाशी गेली आणि तिथेच बसली. तिच्या हातात कॅनव्हासची उरलेली चौकट होती, मधोमध छातीच्या दोन बाजूंची दोन भोकं. वरच्या कडेचं फ्लॅनेल तिने उचललं, खाली तिचंच अक्षर होतं: आम्हाला पुढे शिकायचं आहे. त्याखाली काहीच नव्हतं.

"मामा, हे कुठल्या कोटात गेलं?" तिने विचारलं.

मी नुसता भिंतीवरच्या मापांच्या वहीकडे बोट दाखवत राहिलो. तिने वही उघडली, शेवटचं पान वाचलं आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, त्यांतली सगळ्यात लहान बारा वर्षांची आहे.

मी चपला घातल्या. कशा घातल्या ते विचारू नका. समितीचं ऑफिस मुलींच्या त्याच बंद झालेल्या वर्गात आहे. जिना चढताना मनात काय काय आलं, ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मनात आलं, कोट हातात आला की आधी भिंगरीचं नाव कापून काढायचं. तिचं नाव सगळ्यात वर डावीकडे होतं. बाकीची तेहेतीस नावं असली काय नि नसली काय, माझ्या घरातलं तेवढं नको. एवढा विचार मी अठरा पायऱ्यांत केला.

वर्गातले बाक काढून टाकले होते. भिंतीवर दप्तरं अडकवायच्या खुंट्या तशाच होत्या, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, आणि त्यांतल्या एकीवर अध्यक्षांची छत्री होती. छताला गळतीचा एक डाग नव्हता. अध्यक्ष टेबलामागे बसले होते आणि त्यांच्या अंगात कोट होता. उद्याच्या सत्काराचा कोट हा गृहस्थ आजच घालून बसला होता. शेजारी कारकून.

"काय टेलर, आज इकडे कुठे?"

मी म्हणालो, कोटाच्या डाव्या खांद्यात जराशी चूक राहिली आहे, तासाभरापुरता परत मिळाला तर बरं. अध्यक्षांनी छातीवरून हात फिरवला. म्हणाले, मला तर झकास बसलाय, छाती बघा कशी उभी राहिलीय. कारकून हसला. मीही हसलो. त्यांचा पंजा नावांवर होता, आणि मी हसत होतो.

मग त्यांनी सही करायला आतल्या खिशातून पेन काढलं. कोट उघडला गेला. डाव्या बाजूच्या राखाडी अस्तरावर एक जांभळा ठिपका होता, मसुराच्या दाण्याएवढा.

काल हा ठिपका नव्हता. काल नळाला पाणी नव्हतं म्हणून मी शेवटची इस्त्री कोरडीच केली होती, तेव्हा ओल लागली होती ती नंतर, याच माणसाच्या घरी. खोली बंद, पंखा मंद, आणि अध्यक्षांच्या कपाळावर घाम. जरा घाम आत झिरपला की एक ठिपका असलेल्या जागी दहा होणार होते. मग त्यांना अक्षरं दिसणार होती.

"तुमची भाची काय म्हणते?" त्यांनी सही करता करता विचारलं.

"बरी आहे. काजं करते."

"पुन्हा सह्या गोळा करतेय असं कानावर आलंय."

मी म्हणालो, मला काही माहीत नाही साहेब. आवाज माझा नव्हताच, कुठल्यातरी बकरीचा होता.

"असू द्या. तुम्हाला दोष देत नाही," ते म्हणाले. "नावं कळली की मी जाईन ना एकेका घरी. शांतपणे बोलेन. लोक माझं ऐकतात." आणि पेन परत आतल्या खिशात ठेवलं. या वेळी अस्तराकडे त्यांचं लक्ष गेलं असतं तर? गेलं नाही. त्यांना स्वतःच्या कोटाची बाहेरची बाजू आवडली होती.

त्यानेच मला वाचवलं. जन्मात पहिल्यांदा मी एका मोठ्या माणसाशी बोललेलं खोटं पुढे रेटलं. म्हणालो, साहेब, एरवी चालून जाईल, पण उद्या फोटो निघणार. फोटोत खांदा पडलेला दिसतो. अध्यक्षांनी मान वाकडी करून खांद्याकडे पाहिलं. कारकुनाला विचारलं. कारकून कसला, साहेब विचारतायत म्हणजे काहीतरी असणारच म्हणून त्याला खांदा पडलेला दिसायलाच लागला. अखेर अध्यक्ष म्हणाले, तीन वाजता घरून घेऊन जा, सातच्या आत परत आणा.

तीन वाजेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. परत जाऊन भिंगरीला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक माणसाला सगळं कळलंय असंच वाटत होतं.

घराचं दार अध्यक्षांच्या बायकोने उघडलं. त्यांना मी आजवर चारदोनदाच पाहिलं होतं, तेही दाराच्या फटीतून. कोट त्यांनी घडी घालून तयारच ठेवला होता. माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. मी कोट छातीशी धरून जवळजवळ पळत दुकानात आलो.

भिंगरीने दाराला कडी घातली. मी कोट टेबलावर उलटा केला, आणि कात्री हातात घेतली ती तशीच राहिली. अस्तराच्या खालच्या कडेचे टाके माझे नव्हते. माझे टाके तिरके पडतात, हे सरळ होते, बारीक, घरच्या पांढऱ्या दोऱ्याचे. कुणीतरी अस्तर उसवलं होतं आणि पुन्हा शिवलं होतं.

"म्हणजे पाहिलं कुणीतरी," भिंगरी म्हणाली.

कुणी पाहिलं, ते मला त्या टाक्यांवरून कळत होतं. पुरुषाने शिवलं असतं तर एवढं नीट शिवलं नसतं. बाईंनी सकाळी ओलं फडकं घालून इस्त्री केली असणार, जांभळा डाग उमटलेला दिसला असणार, आणि नवऱ्याचा नवाकोरा कोट खराब झाला म्हणून घाबरून उघडून बघितलं असणार. हे सगळं मी भिंगरीला सांगत होतो. त्यांनी नवऱ्याला सांगितलं असेल? मग तो तसाच कोट घालून ऑफिसात का बसला? माझी गंमत बघायला? नावं तर नाही ना उतरवून घेतली?

आम्ही दोन्ही बाजू उसवल्या. कॅनव्हास बाहेर काढलं, फ्लॅनेल उचललं. नावं होती. काही ओलीने फुटून जांभळी झाली होती, पण वाचता येत होती. भिंगरी बोट ठेवून मोजत गेली. उजव्या छातीवर सतरा. डाव्या छातीवर सोळा आणि एक भोक. दोन बोटं रुंद, चार बोटं लांब, चारी कडा सरळ कापलेल्या.

भिंगरी त्या भोकाकडे बघत बसली. मग म्हणाली, "इथे त्यांच्या धाकटीची सही होती."

मला हे माहीत नव्हतं. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. अध्यक्षांची धाकटी सातवीत पहिली आलेली, दवाखान्याच्या बाकावर तिने आपण होऊन पेन्सिल मागून घेतली होती. आणि आज तिच्या आईने तेवढंच नाव कापून काढलं, बाकीची तेहेतीस जशीच्या तशी ठेवून कोट परत शिवून टाकला होता. "स्वतःची तेवढी वाचवली," भिंगरी म्हणाली. "बाकीच्या मेल्या तरी चालतील." तिचे डोळे भरून आले होते, रागाने. अठरा पायऱ्यांत माझ्या मनात जे आलं होतं, तेच त्या बाईने कात्री घेऊन केलं होतं. तिला नावं ठेवायला मी कोण?

सात वाजायला साडेतीन तास होते. नवं कॅनव्हास कापलं, नवं फ्लॅनेल टाचलं, अस्तरावरचा ठिपका जाईना म्हणून तेवढा पट्टाच बदलला. एरवी दोन दिवसांचं काम. दारापुढे पाऊल वाजलं की आम्ही दोघं श्वास धरून थांबायचो. सुई तीनदा बोटात गेली, आणि रक्त कोटाला लागू नये म्हणून बोट तोंडात धरून मी एका हाताने टाके घातले.

पावणेसातला मी पुन्हा त्या दारात उभा होतो. जीव नुसता मुठीत. भिंगरी येते म्हणत होती, मी तिला आत कोंडून आलो होतो. अध्यक्षांच्या घरात मला पकडायला माणसं बसवून ठेवली असतील, असं मला पक्कं वाटत होतं. दार उघडलं. बाईच होत्या. त्यांनी कोट घेतला आणि डाव्या छातीवर तळवा ठेवून हलकेच दाबून बघितलं. शिवणकाम जाणणारी बाई तशी दाबून बघते.

"आतलं बदललंत," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"किती नावं होती?"

मला काय वाटलं कुणास ठाऊक. वाटलं, त्यांना हेच ऐकायचंय की त्यांची मुलगी यात कुठे नव्हती. त्यांचं झाकायला आणि आपला जीव सोडवायला मी म्हणालो, "तेहेतीस."

आतून अध्यक्षांचा आवाज आला, "आला का कोट?"

"आला," बाईंनी मागे वळून मोठ्याने सांगितलं. मग माझ्याकडे वळून अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "चौतीस."

त्यांनी उजवी मूठ उघडली. दार उघडल्यापासून ती मूठ मिटलेलीच होती, माझ्या लक्षात आलं नव्हतं. तळव्यावर कॅनव्हासचा तुकडा होता, घामाने दमट. त्यांच्या तळव्यावर जांभळी अक्षरं उमटली होती.

"मला हे एवढंच नाव वाचता येतं," त्या म्हणाल्या. "तिनेच शिकवलं. ते पाहिलं आणि माझा धीर सुटला. बाकीची कुणाची आहेत, मला कळलंच नाही हो." आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्यांनी तुकडा माझ्या हातात कोंबला. "होता तिथे लावून द्या. तिला सांगितलंय मी, तुझं काढलं म्हणून. दुपारपासून जेवली नाही ती."

मी काही बोलायच्या आत दार लागलं. आतून अध्यक्ष विचारत होते, हाताला काय लागलंय ते. बाईंनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. ऐकायला थांबायला हवं होतं, पण मी थांबलो नाही, रस्त्याला लागलो.

दुकानात येऊन मी तुकडा टेबलावर ठेवला. भिंगरीने तो भोकात बसवून पाहिला. कड कडेला मिळत होती. मी बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि हाताला काय लागलंय असं अध्यक्ष विचारत होते, तेही सांगितलं. तिने कॅनव्हास तुकड्यासकट माझ्यापुढे सरकवलं. सकाळी नऊला बस येणार होती. मी दिव्याजवळ स्टूल ओढलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. तिसऱ्या खेपेला ओवला गेला.